वायरलेस चिपचं टायमिंग आणि सिंथेसिस: क्लॉकच्या यादीपासून नेटलिस्ट सोपवेपर्यंत

वायरलेस चिपच्या टीममध्ये टायमिंग-सिंथेसिसचं काम (कोडमध्ये लिहिलेल्या डिझाइनमधून गेटची जोडणी, म्हणजे नेटलिस्ट, बनवायची आणि सिग्नल वेळेत पोहोचतात का ते तपासायचं) हाती आलं की एक गोष्ट आधी मनात पक्की करा: इथला क्लॉक (चिपला ठेका देणारा सिग्नल) तुमच्या मर्जीने चालत नाही. प्रोसेसरचा ब्लॉक १ गिगाहर्ट्झला बसला नाही तर तो ९०० मेगाहर्ट्झचा म्हणून विकता येतो. वाय-फायच्या मोडेमला ही सोय नाही. वाय-फायच्या ८०२.११ ए आणि जी या मानकांमध्ये ओएफडीएमचा (एकाच वेळी अनेक उपवाहकांवर डेटा पाठवण्याच्या पद्धतीचा) एक सिम्बॉल ४ मायक्रोसेकंदांचा असतो, आणि हवेतून दर ४ मायक्रोसेकंदांनी पुढचा येत राहतो. तोवर मागचा हातावेगळा झाला नसेल तर पॅकेट गेलं.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. ५४ मेगाबिटच्या वेगाला एका सिम्बॉलमध्ये २१६ डेटा बिट असतात. व्हिटर्बी डिकोडर (आलेल्या बिटांतल्या चुका सुधारणारा ब्लॉक) दर क्लॉकला एक बिट सोडवत असेल तर ४ मायक्रोसेकंदांत किमान २१६ क्लॉक मिळायला हवेत. ४० मेगाहर्ट्झला मिळतात १६०, म्हणजे भागत नाही. ८० मेगाहर्ट्झला मिळतात ३२०, म्हणजे निवांत. ४० वरच राहायचं असेल तर दर क्लॉकला दोन बिट सोडवणारा रॅडिक्स-४ डिकोडर लागेल, आणि त्याच्या एका क्लॉकमधलं लॉजिक जास्त लांब असेल. ब्लॉकची फ्रिक्वेन्सी कुठून आली हे ज्याला माहीत असतं, त्याला ‘इथे जरा सैल सोडू’ कुठे म्हणता येतं आणि कुठे नाही हेही कळतं. स्पेसिफिकेशनमधला आकडा नुसता उतरवून घेणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

पाइपलाइनची पायरी, म्हणजे लांब लॉजिक तोडायला मधे बसवलेले फ्लॉप (क्लॉकच्या कडेला बिट पकडून ठेवणारे सेल), वाढवणंही फुकट नसतं. ५ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये पॅकेट संपल्यापासून १६ मायक्रोसेकंदांनी पोचपावती हवेत जायला हवी. तेवढ्या वेळात शेवटचा सिम्बॉल सोडवायचा, चेकसम तपासायचा, रेडिओ रिसीव्हमधून ट्रान्समिटला वळवायचा. ८० मेगाहर्ट्झला एक पायरी १२.५ नॅनोसेकंद खाते. एकटी पायरी किरकोळ वाटते, पण सगळ्या ब्लॉकवाल्यांनी दोन-दोन मागितल्या की सिस्टिमवाल्यांचा हिशेब कोसळतो. म्हणून पायरी मागताना ‘लेटन्सीत (इनपुटपासून उत्तरापर्यंतच्या वेळेत) किती शिल्लक आहे?’ हा प्रश्न आधी विचारा.

क्लॉकची यादी

टूल उघडण्याआधी एक तक्ता करा. प्रत्येक क्लॉकचं नाव, उगम, फ्रिक्वेन्सी, कोणत्या मोडमध्ये चालू, कोणत्या क्लॉकपासून भागून बनलेला, आणि कोणाशी त्याचा फेजचा संबंध आहे वा नाही. साधारण वाय-फाय-ब्लूटूथ चिपमध्ये २६ किंवा ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्यावरचा पीएलएल (क्रिस्टलपासून जास्त फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट), त्यातून निघालेले ८०, १६०, ३२० मेगाहर्ट्झचे क्लॉक, झोपेसाठी ३२.७६८ किलोहर्ट्झ, एडीसीसोबत (अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे बनवणाऱ्या ब्लॉकसोबत) येणारा क्लॉक, बाहेरच्या बसचा क्लॉक आणि जेटॅग (चिप तपासण्याचं पोर्ट) एवढं तरी असतंच. तक्ता आरटीएल (डिझाइनचा कोड) लिहिणारे, आरएफवाले (रेडिओचा भाग करणारे) आणि डीएफटीवाले (चिपच्या चाचणीची सोय करणारे) अशा तिघांकडून तपासून घ्या. यातली एक ओळ चुकली तर पुढचे तीन महिने चुकीच्या पायावर जातात.

आरएफवाले या यादीत कशाला, असं नव्या माणसाला वाटतं. २.४ गिगाहर्ट्झचा बँड २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. ४० मेगाहर्ट्झचा ६१ वा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची ६१ वी पट) पडतो २४४० वर, म्हणजे वाय-फायच्या ६ नंबरच्या चॅनेलच्या (मध्य २४३७) पोटात. २६ चा ९४ वा पडतो २४४४ वर, तोही तिथेच. ८० चा ३१ वा २४८० वर, म्हणजे ब्लूटूथ लो एनर्जीच्या ३९ नंबरच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग चॅनेलवर अचूक. ३२० चा सातवा २२४० आणि आठवा २५६०, त्यामुळे हा बँड मोकळा राहतो. तुमच्या डिजिटल ब्लॉकचा करंट त्या ठेक्यात उसळला की रिसीव्हर त्याच चॅनेलवर बहिरा होतो. तेव्हा ‘टायमिंग बसत नाही, ३२० चा ८० करून टाकू’ हा निर्णय टायमिंगवाल्याने एकट्याने घ्यायचा नसतो. दर आठ क्लॉकनंतर एकदाच चालू होणारं क्लॉक गेटिंगही (गरज नसताना ब्लॉकचा क्लॉक बंद ठेवणं) ३२० मध्ये ४० चा ठेका आणतं. मूळ फ्रिक्वेन्सी स्वच्छ असूनही त्रास कुठून आला, हे मग शोधत बसावं लागतं.

सेटअप आणि होल्ड

ठाणे स्टेशनवर वाशीच्या गाडीचा फलाट डोळ्यांसमोर आणा. गाडी सुटणं म्हणजे फ्लॉपवर येणारी क्लॉकची कड, प्रवासी म्हणजे डेटा. गाडी सुटण्याआधी फलाटावर पोहोचणं म्हणजे सेटअप. पुढच्या गाडीचे प्रवासी इतक्या लवकर धावत येऊ नयेत की उभ्या गाडीतच घुसतील, हा होल्ड. दोन गाड्यांमधलं अंतर वाढवलं तर उशिरा येणाऱ्याला वेळ मिळतो, पण घाईने घुसणाऱ्यावर त्याचा काही परिणाम नाही. म्हणूनच क्लॉक हळू केला की सेटअपचा प्रश्न सुटतो, होल्डचा सुटत नाही. सेटअप चुकलेली चिप निदान लॅबमध्ये हळू चालवून तपासता येते. होल्ड चुकलेल्या चिपमध्ये क्लॉक कितीही खाली आणला तरी चूक जागची हलत नाही.

१६० मेगाहर्ट्झचं उदाहरण घेऊ. पिरियड ६.२५ नॅनोसेकंद. समजा फ्लॉपच्या क्लॉकपासून क्यूपर्यंत (त्याच्या आउटपुटपर्यंत) ०.१५, पुढच्या फ्लॉपचा सेटअप ०.०८, आणि क्लॉक ट्री (क्लॉक सगळ्या फ्लॉपपर्यंत नेणारं बफरांचं जाळं) अजून बांधली नसल्यामुळे अनसर्टन्टी (अनिश्चिततेसाठी राखीव वेळ) ०.३५. लॉजिकला उरले ५.६७. त्यातले दहा-पंधरा टक्के तारांसाठी राखून ठेवायचे, कारण सिंथेसिसच्या वेळी तारांची लांबी अंदाजाचीच असते. क्लॉक ट्री बांधली की स्क्यू (दोन फ्लॉपना क्लॉक पोहोचण्याच्या वेळेतला फरक) खरा दिसतो. मग अनसर्टन्टीतून त्याचा भाग काढा आणि जिटर (क्लॉकच्या कडेचं मागेपुढे होणं) व थोडं मार्जिन ठेवा. हे काढायचं विसरलं तर बॅकएंडवाले (सेल जागेवर बसवून तारा जोडणारे) नसलेल्या चुका दुरुस्त करत बसतात.

कन्स्ट्रेंट

या कामाचा खरा जीव एसडीसी फाइलमध्ये, म्हणजे टायमिंगच्या अटी (कन्स्ट्रेंट) टूलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, आहे. टूल तुम्ही विचारलं तेवढंच सांगतं. चुकीचा प्रश्न विचारला तर स्वच्छ रिपोर्ट येतो आणि चिप मरते. म्हणून कन्स्ट्रेंटची प्रत्येक ओळ आरटीएलइतक्याच गांभीर्याने लिहायची, आणि प्रत्येक अपवादावर तो का दिला आणि कोणी मान्य केला हे शेजारी कॉमेंटमध्ये नोंदवायचं.

पुढे ज्या चुका दिल्या आहेत त्या पुन्हा पुन्हा होतात.

भागाकार करणाऱ्या फ्लॉपच्या आउटपुटवर जनरेटेड क्लॉक (मूळ क्लॉकपासून बनलेला म्हणून घोषित केलेला) दिला नाही की त्याच्यावर चालणारे सगळे फ्लॉप क्लॉकविना राहतात. टूल त्यांची तक्रार करत नाही, त्यांना मोजतच नाही. स्लॅकचा (मार्गाला किती वेळ उरला किंवा कमी पडला त्याचा) रिपोर्ट उघडण्याआधी चेक टायमिंगचा रिपोर्ट बघायचा तो यासाठी. ‘नो क्लॉक’ आणि ‘अनकन्स्ट्रेंड एंडपॉइंट’ (अट न लागलेलं मार्गाचं शेवटचं टोक) हे दोन आकडे शून्य हवेत, आणि शून्य नसतील तर उरलेल्या प्रत्येकाचं कारण लिहिलेलं हवं.

झोपेचा ३२.७६८ किलोहर्ट्झ आणि ४० मेगाहर्ट्झ यांचा एकमेकांशी संबंध नाही हे टूलला आपणहून कळत नाही. ते दोन्हींच्या कडा पुढे पुढे मांडून सर्वांत जवळची जोडी शोधतं, आणि मग रिपोर्टमध्ये लाँच (डेटा निघण्याची कड) आणि कॅप्चर (तो पकडण्याची कड) यांच्यात ०.०१ नॅनोसेकंदासारखा विचित्र आकडा दिसतो. असा आकडा दिसला की लॉजिक सुधारायला धावू नका. दोन क्लॉकचे गट वेगळे करायचे राहिले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

गट वेगळे केल्यावरही एक खड्डा उरतो. एडीसीच्या क्लॉकमधून मोडेमच्या क्लॉकमध्ये जाणाऱ्या फिफोचा (आधी आलेलं आधी देणाऱ्या रांगेचा) ग्रे कोड पॉइंटर बघा. त्यात एका वेळी एकच बिट बदलतो म्हणून तो सुरक्षित असतो, पण बिटांच्या तारांच्या विलंबातला फरक लिहिणाऱ्या क्लॉकच्या एका पिरियडपेक्षा कमी असेल तरच. म्हणून त्या मार्गांवर मॅक्स डिले (विलंबाची वरची मर्यादा) द्यायचा. आणि इथे बरेच जण फसतात: गट वेगळे करणारी असिंक्रोनस क्लॉक ग्रुपची आज्ञा मॅक्स डिलेपेक्षा वरचढ ठरते. दोन्ही लिहिल्या तर मॅक्स डिले मुकाट्याने बाजूला पडतो आणि कुठे काही लाल दिसत नाही. अशा जोडीसाठी ग्रुपची आज्ञा न वापरता मार्गागणिक मॅक्स डिले द्या, आणि तो खरोखर लागू झाला का हे त्या मार्गाचा रिपोर्ट काढून डोळ्यांनी बघा.

मल्टिसायकल पाथची (एकापेक्षा जास्त क्लॉक मिळणाऱ्या मार्गाची) चूक सगळ्यांत जुनी आणि तरीही रोज होणारी. सेटअपला २ दिला आणि होल्डला १ द्यायचा राहिला, की होल्डची तपासणी एक पूर्ण क्लॉक पुढे सरकते. टूल डेटा (१६० मेगाहर्ट्झला) ६.२५ नॅनोसेकंद रोखून धरायला बफरच्या रांगा लावतं. क्षेत्रफळ फुगतं, पॉवर वाढते, आणि कारण मात्र एका ओळीत दडलेलं असतं. शिवाय मल्टिसायकल देण्याआधी आरटीएलमध्ये त्या मार्गाचा एनेबल (फ्लॉपला नवा डेटा घ्यायला सांगणारा सिग्नल) खरंच दोन क्लॉकनी येतो याची खात्री हवी. डिझायनर तोंडी ‘हो, दोन आहेत’ म्हणाला एवढ्यावर विसंबू नका. सिम्युलेशनमध्ये त्यासाठी असर्शन (अट मोडली की ओरडणारी तपासणी) लिहून घ्या.

अ‍ॅनालॉगची सीमाही अशीच. एडीसीच्या मॅक्रोची (तयार मिळालेल्या ब्लॉकची) लायब्ररी फाइल घाईत बनवलेली असेल तर तिच्यात टायमिंग आर्क (पिनांमधल्या वेळेची माहिती) नसतात, आणि तिथून निघणारे सगळे मार्ग अनकन्स्ट्रेंड होतात. मॅक्रो हातात आला की पहिल्याच दिवशी त्याच्या प्रत्येक पिनवर आर्क आहे का ते तपासा.

सिंथेसिसचा रन

मोठ्या मोडेमचा रन काही तास चालतो. म्हणून स्क्रिप्ट अशी लिहा की जे मोडायचं ते पहिल्या पंधरा मिनिटांत मोडेल: इलॅबोरेट (कोडमधून डिझाइन उभं करणं), लिंक (मॉड्यूल जोडणं), नको असलेला लॅच आहे का, ब्लॅक बॉक्स (आत काय आहे ते न सापडलेलं मॉड्यूल) आहे का, चेक टायमिंग. यातलं काही चुकलं तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. संध्याकाळी रन लावून घणसोलीहून गाडी पकडली आणि सकाळी कळलं की एक मॉड्यूल न सापडल्याने रात्रभर रिकाम्या डिझाइनवर काम झालं, तर अख्खा दिवस गेला. रन नेहमी सर्व्हरवरच्या न तुटणाऱ्या सेशनमध्ये लावा. पावसाळ्यात गाड्या अडकतात, घरचं इंटरनेट जातं. लॅपटॉपचं कनेक्शन तुटलं म्हणून रन मरता कामा नये.

रिपोर्ट वाचायचा क्रम ठरलेला असू द्या. आधी सर्वांत वाईट स्लॅक, मग एकूण निगेटिव्ह स्लॅक, मग चुकलेल्या एंडपॉइंटची संख्या. सर्वांत वाईट स्लॅक मोठा पण एंडपॉइंट चारच असतील तर बहुधा एखादा अपवाद राहिलाय. स्लॅक थोडाच पण एंडपॉइंट चार हजार असतील तर क्लॉक, अनसर्टन्टी किंवा एखाद्या मॅक्रोचा प्रश्न आहे. मग एक मार्ग उघडून त्यातल्या गेटच्या पायऱ्या मोजा. लॉजिकच्या ४० पायऱ्या असतील तर ते आरटीएलचं दुखणं, टूलला कितीही ताणलं तरी जाणार नाही. बाराच पायऱ्या आणि वेळ तारांत जात असेल तर प्लेसमेंट बघा. एकाच सेलला ०.६ नॅनोसेकंद लागत असतील तर त्याच्यावरचा फॅनआउट (तो किती सेलना चालवतो) आणि ट्रान्झिशन (सिग्नल बदलायला लागणारा वेळ) बघा; रीसेट किंवा स्कॅन (फ्लॉप साखळीत जोडून चिप तपासणं) एनेबलसारखी हजारो फ्लॉपना जाणारी नेट तिथे सापडते.

वायरलेसमध्ये खरे अवघड मार्ग ठरावीक ठिकाणी असतात. एफआयआर फिल्टर आणि कॉर्डिक (कोन फिरवण्याचं गणित करणारा ब्लॉक) यांत फीडबॅक नसतो, म्हणून तिथे पाइपलाइनच्या पायऱ्या वाढवता येतात आणि रीटायमिंग (फ्लॉप लॉजिकमध्ये मागेपुढे सरकवणं) चांगलं चालतं. व्हिटर्बीचं अ‍ॅड-कम्पेअर-सिलेक्ट (बेरीज, तुलना आणि निवड) मात्र वर्तुळ आहे. ६४ स्टेटपैकी प्रत्येकाचा नवा मेट्रिक (त्या स्टेटपर्यंतच्या मार्गाचा गुणांक) जुन्या दोन मेट्रिकवर अवलंबून असतो आणि उत्तर पुढच्याच क्लॉकला हवं असतं. मधे फ्लॉप टाकला की अल्गोरिदमच बदलतो. इथे टूलपेक्षा डिझाइनची युक्ती कामाला येते: नॉर्मलायझेशनची वजाबाकी काढून टाकून टूज कॉम्प्लिमेंटचं मॉड्युलो अंकगणित वापरा, आणि ब्रँच मेट्रिक आदल्या क्लॉकलाच तयार ठेवा. गेन कंट्रोलच्या (सिग्नलची पातळी सांभाळण्याच्या) लूपचंही तसंच. तिथे पायरी वाढवली की लूपचं स्थैर्य बदलतं, त्यामुळे सिस्टिमवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

क्लॉक गेटिंगकडे विशेष लक्ष द्या, कारण वायरलेस चिप बहुतेक वेळ नुसती ऐकत असते आणि बॅटरी वाचते ती याच सेलमुळे. गेटिंगचा सेल क्लॉक ट्रीच्या मुळाजवळ बसतो, म्हणजे त्याला क्लॉक पानांवरच्या फ्लॉपपेक्षा लवकर मिळतो. समजा ०.४ नॅनोसेकंद लवकर. एनेबलच्या मार्गाला मग तेवढा वेळ कमी. सिंथेसिसमध्ये क्लॉक आदर्श धरलेला असल्याने हे दिसत नाही आणि ट्री बांधल्यावर शेकडो एनेबल एकदम लाल होतात. सुरुवातीपासून या मार्गांना वेगळं, जास्त मार्जिन द्या.

मात्र सरसकट सगळीकडे ताण देऊ नका. पिरियड ३० टक्क्यांनी घट्ट करून ‘सुरक्षित’ राहायची सवय महागात पडते. टूल वेग गाठायला लो व्हीटी सेल (जलद पण जास्त गळणारे) ओततं, आणि त्यांची गळती झोपेतही चालू राहते. झोपेत १ मायक्रोअ‍ॅम्पिअर जास्त म्हणजे वर्षाला ८.७६ मिलिअ‍ॅम्पिअर-तास. साधारण २२० मिलिअ‍ॅम्पिअर-तासांच्या सीआर२०३२ बटन सेलमध्ये हे चार टक्के झाले.

कॉर्नर

कॉर्नर म्हणजे प्रोसेस, व्होल्टेज आणि तापमान यांची टोकाची स्थिती. गरम चिप हळू चालते हा जुना समज कमी व्होल्टेजवर उलटतो; तिथे थंडीतच सेल हळू होतो. म्हणून स्लो कॉर्नर उणे ४० आणि १२५ अंश अशा दोन्ही तापमानांना तपासायचा. होल्ड फास्टसोबत स्लो कॉर्नरलाही बघायचा. ऑन-चिप व्हेरिएशन (एकाच चिपवरच्या सेलमधला फरक) लावलं असेल तर कॉमन पाथ पेसिमिझम (क्लॉकच्या सामाईक वाटेवर धरलेला जास्तीचा फरक) काढणं चालू आहे ना ते बघा. एकच बफर एकाच वेळी हळू आणि जलद असू शकत नाही, पण सेटिंग बंद असेल तर टूल तसं धरून चालतं.

सोपवताना

बॅकएंडला नेटलिस्टसोबत एसडीसी, कॉर्नरची यादी, अपवादांची कारणं आणि फॉर्मल इक्विव्हॅलन्सचा (नेटलिस्ट आरटीएलसारखीच वागते का या तपासणीचा) स्वच्छ निकाल जायला हवा. रीटायमिंग वापरलं असेल तर फॉर्मलला मार्गदर्शक फाइल द्यावी लागते, नाहीतर फ्लॉप जुळत नाहीत. स्कॅन मोडची एसडीसी वेगळी ठेवा. स्कॅन शिफ्टचा क्लॉक हळू असतो, पण होल्ड तिथेही तितकाच कडक असतो. दोन क्लॉक डोमेन जोडणाऱ्या स्कॅन चेनमध्ये लॉकअप लॅच (होल्ड सांभाळायला मधे बसवलेला लॅच) आहे का, हे स्वतः बघा.

घरी सराव

भारतातली बहुतेक चिप डिझाइन ऑफिसं बंगळुरू, हैदराबाद आणि नोएडात आहेत. ऐरोली-महापेच्या आयटी पट्ट्यात अशा जागा थोड्या. म्हणून ठाण्यात किंवा कोपरखैरण्यात बसून तयारी करणाऱ्याने दाखवता येईल असं काम हातात ठेवावं. महागडं टूल नसलं तरी अडत नाही. योसिस (सिंथेसिसचं खुलं टूल), ओपन एसटीए (टायमिंग तपासणारं खुलं टूल) आणि २०२० मध्ये खुलं झालेलं स्कायवॉटरचं १३० नॅनोमीटरचं पीडीके (चिप बनवणाऱ्या कंपनीची सेल आणि नियमांची माहिती) साध्या लिनक्स लॅपटॉपवर चालतं.

६४ स्टेटचा अ‍ॅड-कम्पेअर-सिलेक्ट ब्लॉक व्हेरिलॉगमध्ये लिहा. वाय-फायच्या चूक-सुधार कोडचे जनरेटर १३३ आणि १७१ (ऑक्टल), मेट्रिक ८ बिटांचे. योसिसमध्ये आधी फ्लॉप लायब्ररीशी जुळवा, मग एबीसी (लॉजिक लायब्ररीच्या सेलमध्ये बसवणारा योसिसमधला भाग) चालवताना डिलेचं लक्ष्य १२५०० पिकोसेकंद द्या. नेटलिस्ट ओपन एसटीएमध्ये वाचा. सेटअपसाठी १०० अंश, १.६० व्होल्टची स्लो लायब्ररी, होल्डसाठी उणे ४० अंश, १.९५ व्होल्टची फास्ट. १२.५ नॅनोसेकंदांचा क्लॉक, इनपुट-आउटपुटला तीन-तीन नॅनोसेकंद, आणि सेटअप-होल्डची अनसर्टन्टी वेगवेगळी. पहिला रिपोर्ट निघाला की मेट्रिक १२ बिटांचे करून बघा आणि तुलना करणाऱ्या पायऱ्या किती वाढल्या ते मोजा. मग मुद्दाम एका मार्गावर सेटअपचा मल्टिसायकल २ द्या, होल्डचा देऊ नका, आणि त्याच मार्गाचा होल्ड रिपोर्ट काढा. १२.५ चा आकडा नेमका कोणत्या ओळीत आला ते बोट ठेवून शोधा. मग होल्डचा १ द्या आणि तीच ओळ पुन्हा वाचा.